वाफ्याला माती किती लागेल? आधी टेप वाफ्याच्या आतून लावा

ताई, तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. सातारा शहराच्या कडेला नवं घर आहे. मागच्या परसात गवंड्याकडून विटांचे तीन वाफे बांधून घेतलेत. प्रत्येक वाफा १० फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट उंच. एकात पालेभाज्या, एकात टोमॅटो-मिरची, एकात हळद लावायची आहे. ट्रॅक्टरवाला म्हणतो दोन ट्रॉली माती लागेल, शेजारचे काका म्हणतात एकीत भागतं. कोणाचं ऐकायचं? आणि माती उरलीच तर गच्चीवर चार बाय चारचा एक वाफा करावा का?

मी कराडचा. गेली बावीस वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांत लोकांच्या परसबागा करून देतो. माझं उत्तर आधी सांगून टाकतो: एक ब्रासची, म्हणजे १०० घनफुटांची, एकच ट्रॉली मागवा, पण ती मोजून घ्या. त्याबरोबर ४० घनफूट मुरलेलं शेणखत घ्या. गच्चीवर मातीचा वाफा करू नका. आता हा आकडा कुठून आला ते नीट सांगतो, कारण तुमच्या जागेवर दोन-तीन गोष्टी वेगळ्या निघाल्या तर तो बदलेल आणि मग तुम्हाला तो स्वतः काढता आला पाहिजे.

ट्रॅक्टरवाल्याचा हिशेब आधी बघू. त्याने १० × ४ × १.५ केलं, ६० घनफूट आले. तीन वाफ्यांचे १८०. आपल्याकडे माती, मुरूम, वाळू ब्रासमध्ये मोजतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे पावणेदोन ब्रासच्या थोडं वर, म्हणून दोन ट्रॉली. तो तुम्हाला फसवत नाहीये. त्याचा गुणाकार बरोबर आहे, मापं चुकीच्या ठिकाणची आहेत.

तुम्ही दिलेलं माप बाहेरून बाहेरचं आहे, असं तुमच्या फोटोवरून दिसतं. माती भिंतीत भरायची नसते, भिंतीच्या आत भरायची असते. अर्ध्या विटेची भिंत गिलाव्यासकट साडेचार इंच धरली तर दोन्ही बाजूंचे मिळून ९ इंच लांबीतून आणि ९ इंच रुंदीतून जातात. आतली लांबी ९ फूट ३ इंच, रुंदी ३ फूट ३ इंच. गुणाकार केला तर ३० चौरस फूट. बाहेरून मोजलं तर ४०. पावभाग क्षेत्र नुसतं विटांनी खाल्लं. गवंड्याने नऊ इंची भिंत घातली असेल तर आत साडेआठ बाय अडीच, म्हणजे फक्त सव्वाएकवीस चौरस फूट उरतात, जवळजवळ निम्मे! अरुंद वाफ्यात हा फरक फार मोठा पडतो, म्हणून टेप आतून लावा. गवंडी कधी एका टोकाला इंच-दोन इंच इकडेतिकडे करतो, तेव्हा रुंदी तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

दुसरं, वाफा काठोकाठ भरायचा नसतो. वर तीन इंच मोकळे ठेवावे लागतात, नाहीतर पाणी घालताना आणि पहिल्या वळवात माती भिंतीवरून बाहेर येते. पुढे आच्छादन घालायलाही ती जागा लागते. म्हणजे दीड फुटातून ३ इंच गेले, उरले १५ इंच, सव्वा फूट. ३० × १.२५ केलं की एका वाफ्याला साडेसदतीस घनफूट, तिघांना मिळून ११२. हा बसलेल्या मातीचा आकडा आहे, भरण्याचा नाही. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत आणि जो मी प्रत्येकाला पहिला विचारतो: वाफ्याच्या तळाला काय आहे? तुमच्या वाफ्यांना खाली फरशी किंवा काँक्रीट नाही, ते जमिनीवरच उभे आहेत, असं धरतो. मग मुळांना फक्त १५ इंच मिळत नाहीत, खालची जमीनही मिळते. ती कशी आहे हे बघितल्याशिवाय मातीचा हिशेब सुरूच करू नये, असं माझं ठाम मत आहे. लोक भिंतीची उंची बघून माती मागवतात आणि पायाखालच्या जमिनीकडे बघतच नाहीत.

आपल्या भागात ही जमीन दर पाच-दहा मैलांवर बदलते. महाबळेश्वर, मेढा, पाटणच्या वरच्या अंगाला तांबडी. कराड, वाळवा, पलूसकडे कृष्णाकाठची खोल काळी. माण, खटाव, आटपाडी, जतकडे हलकी, मुरमाड, कुठे चुनखडीची. सातारा शहरात तर एकाच गल्लीत वरच्या घराला फुटावर कडक मुरूम लागतो आणि खालच्या घराला तीन फूट माती मिळते. शिवाय नव्या घराच्या परसात बांधकामाचा राडा पुरलेला असतो: विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, फरशीचे कपरे. म्हणून प्रत्येक वाफ्यात एक फूट खोल खड्डा घ्या, कुदळ कुठे अडते ते बघा. मग तो खड्डा पाण्याने भरा. एकदा जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी तीन-चार तासांत जिरलं तर उत्तम. सकाळपर्यंत तसंच राहिलं तर खाली निचरा नाही, आणि मग वर कितीही चांगली माती टाकली तरी पावसाळ्यात हळद कुजणार. अशा वेळी भिंतीच्या तळाच्या थरात दर दोन फुटांवर सांध्यातलं सिमेंट काढून पाण्याला वाट करून द्या.

जमीन बरी निघाली तर ती ८-९ इंच खणून भुसभुशीत करा. माती बाहेर काढायची नाही, जागच्या जागी मोकळी करायची. घट्ट बसलेली जमीन खणली की फुगते. ९ इंच खणलं तर पातळी दीड-दोन इंच वर येते, मी हिशेबात दीडच धरतो. तीन वाफ्यांचे ९० चौरस फूट गुणिले दीड इंच म्हणजे ११ घनफूट, तेही फुकट. ११२ मधून ते गेले, उरले १००. सोपा आकडा मिळाला, म्हणून पुढचं सगळं १०० वर करतो.

आता माती बसण्याबद्दल. इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो आणि माझाही फसला होता. धंद्यात नवा होतो तेव्हा सांगलीत एका आजींच्या अंगणात मोगऱ्याचा वाफा केला. हिशेब चोख केला, वाफा बरोबर पातळीला भरला, झाडं लावली, पैसे घेतले. शेणखत अर्धवट मुरलेलं होतं आणि प्रमाणही जास्त होतं. गणपतीत आजींचा निरोप आला. जाऊन बघतो तर माती पाच इंच खाली गेलेली, मोगऱ्याची वरची मुळं उघडी पडलेली. आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘अरे, गिरणीतून पीठ आणलं की मी डबा आपटून आपटून भरते, तरी दुसऱ्या दिवशी दोन बोटं खाली जातं. तू वाफा आपटलास का?’’ त्यानंतर एकाही वाफ्याचा हिशेब मी आपटल्याशिवाय केला नाही.

माती दोन कारणांनी बसते. एक, ओतलेल्या मातीत हवा असते, पाणी पडलं की कण एकमेकांत सरकतात. हे पहिल्या दोन-तीन पाण्यांतच होतं. दोन, शेणखत आणि पालापाचोळा कुजून कमी होतो, ते महिनोन्महिने चालतं आणि दर वर्षी चालतं. चांगलं मुरलेलं खत पावभाग ते तिसरा हिस्सा असेल तर पहिल्या मोसमात एकूण पाचवा भाग खाली जातो, असा माझा अनुभव. खत कच्चं असेल तर याहून बराच जास्त. आता पाचवा भाग जाणार म्हणून १०० मध्ये २० मिळवू नका. १२० भरले आणि त्यातला पाचवा भाग गेला तर ९६ उरतात. भागाकार करा: १०० भागिले ०.८, म्हणजे १२५. एवढं मिश्रण सैल स्वरूपात भरलं तर बसल्यावर १०० राहतं.

अजून एक घट आहे, ती मिसळताना होते. एक बादली बारीक ढेकळांची माती आणि एक बादली चाळलेलं शेणखत एकत्र केलं तर दोन बादल्या होत नाहीत. बारीक माल जाड मालाच्या फटींत जाऊन बसतो. घरी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी मी सात-आठ टक्के वाढवतो. म्हणजे १३५ घनफूट माल आणायचा.

यातली माती किती? माझं नेहमीचं प्रमाण दहात सहा भाग माती, तीन भाग शेणखत आणि एक भाग मोकळं करणारं काही, बहुतेक वेळा भाताचं तूस. पाटण, जावळी, शिराळा ही भाताची गावं असल्याने तूस आपल्याकडे सहज मिळतं. १३५ चे भाग पाडले तर माती ८०, शेणखत ४०, तूस १५ घनफूट. माती ८० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या किंचित वर. म्हणून एक ब्रासची एक ट्रॉली. उरलेली वीसेक घनफूट वाया जात नाही, कारण पावसाळ्यानंतर वाफे वरून भरून काढायला तीच माती हवी असते. ती कोपऱ्यात रचून जुन्या ताडपत्रीखाली ठेवा. रस्त्याच्या कडेला ठेवू नका, पहिल्या मोठ्या पावसात अर्धी गटारात जाते.

हे प्रमाण मातीच्या जातीवर हलतं. ट्रॉलीत तांबडी माती आली तर ती निचऱ्याला चांगली असते पण पाणी आणि खत धरून ठेवत नाही. तिच्यात खत साडेतीन भागांपर्यंत न्या आणि तूस घालूच नका. कृष्णाकाठची काळी आली तर खत तीन भाग, तूस दोन भाग आणि माती पाचच भाग. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होते असा समज आहे. घमेलं-दोन घमेली वाळूने तसं होत नाही, वाळल्यावर उलट ती विटेसारखी होते. काळी माती सुटते ती खताने आणि पाल्याने.

काळ्या मातीची आणखी एक गोष्ट बांधलेल्या वाफ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. निव्वळ काळ्या मातीने भरलेल्या लांब वाफ्याची साडेचार इंची भिंत दोन पावसाळ्यांत मधोमध बाहेर फुगलेली मी पाहिली आहे. १० फूट लांबीत हा धोका खरा आहे. निव्वळ काळी माती भरूच नका, आणि काळीच मिळणार असेल तर भिंतीच्या मध्यावर बाहेरून विटेचा एक टेकू गवंड्याकडून आत्ताच घालून घ्या.

तलावाचा गाळ घ्यावा का, हेही लोक विचारतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली, तेव्हापासून गाळाची ओढ वाढली आहे. शेतात पातळ थर पसरायला तो चांगलाच. वाफ्यात मात्र तो फार बारीक असल्याने पाण्याने थापीसारखा घट्ट बसतो. मातीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त घालू नका आणि घातलात तर बसण्याची घट थोडी जास्त धरा.

आता ट्रॉलीबद्दल. ‘एक ट्रॉली’ हे माप नाही. कोणाची ट्रॉली १० बाय ६ ची, कोणाची त्याहून लांब, फाळके, म्हणजे बाजूच्या उभ्या फळ्या, कोणाचे दीड फुटी, कोणाचे दोन फुटी. १० × ६ × १.५ म्हणजे ९० घनफूट, फाळका दोन फुटी असेल तर १२०. फोनवर भाव ठरवताना ‘ब्रासला काय?’ असं विचारा. ट्रॉली दारात आली की रिकामी करण्याआधी आतून लांबी, रुंदी मोजा आणि लोखंडी गज मातीत चार ठिकाणी खुपसून खोली बघा. गजाचा दुसरा फायदा असा की खाली मुरूम भरून वर चांगली माती टाकलेली असेल तर हाताला लगेच कळतं. गज मातीत सळसळत जातो, मुरमात कर्रकर्र अडतो. शीग लावून भरलेली असेल तर ती वरची अधिक समजा, तिला हिशेबात धरू नका. कारण ढेकळं फोडल्यावर माती तेवढी कमी होतेच.

तुम्ही घरी नसताना ट्रॉली खाली झाली तरी ढीग मोजता येतो. ढिगाचा व्यास आणि मधली उंची घ्या. व्यासाच्या निम्म्याचा वर्ग, गुणिले ३.१४, गुणिले उंची, भागिले तीन. १० फूट व्यास आणि साडेतीन फूट उंचीचा गोल ढीग ९० घनफुटांच्या आसपास भरतो. ट्रॅक्टरवाल्यासमोर हे मोजलं की पुढच्या वेळी ट्रॉली आपोआप भरलेली येते.

माती वजनावर घेऊ नका. कोरडी माती घनफुटाला ३५ ते ४० किलो भरते आणि भिजली की ४५ ते ५०. वजनावर घेतलं तर पाण्याचे पैसे जातात. एक ब्रास कोरडी माती म्हणजे साडेतीन ते चार टन, तेव्हा ट्रॉली ड्रेनेजच्या चेंबरवरून आत घेऊ नका, झाकण खचतं. मातीच्या वाहतुकीला महसूल खात्याची परवानगी लागते, म्हणून रॉयल्टीची पावती आहे का तेही विचारा.

माती कुठली आहे हे विचारणं मापाइतकंच महत्त्वाचं आहे. पायाच्या खड्ड्यातून निघालेली माती दिसायला स्वच्छ असते, पण आठ-दहा फुटांखालची ती माती निर्जीव असते, तिच्यात पीक उभं करायला दोन वर्षं खत खाऊ घालावं लागतं. पांढरे खडे दिसले तर त्यांच्यावर थोडं व्हिनेगर टाका. फेस आला तर ती चुनखडी, अशा मातीत पालेभाज्या पिवळ्या पडतात. सगळ्यात जास्त सांभाळायचं ते क्षारपड रानाच्या मातीपासून. कृष्णा-वारणेच्या काठी वर्षानुवर्षं उसाला पाट सोडून रानं चोपण झालीत, त्यांतली माती स्वस्तात निघते. एक घमेलं माती भिजवून उन्हात वाळवा, वर पांढरी पापुद्र्यासारखी खार आली तर ट्रॉली परत पाठवा. शंका वाटली तर कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत अर्धा किलो नमुना द्या. अहवालात सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात आणि विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, १ च्या आत असेल तर निर्धास्त घ्या.

आणि ताई, ट्रॉलीत येणारी चांगली माती कोणाच्या तरी रानाचा वरचा थर असतो. एक इंच सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. गरजेच्या दुप्पट मागवून निम्मी रस्त्यावर टाकलेली बघितली की मला मनापासून वाईट वाटतं. एवढा बारीक हिशेब मी करतो, त्यामागे पैशाइतकंच हेही कारण आहे.

घरच्या घरी मोजायला घमेल्याचा भरवसा नको. घमेली लहान-मोठी असतात, भरणारा माणूसही दर वेळी वेगळी शीग लावतो. त्यापेक्षा रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या. अशा सात बादल्या म्हणजे पाच घनफूट, एवढं एक सूत्र पाठ करा. एका ब्रासच्या १४० बादल्या. गांडूळखताची ५० किलोची गोण आणली तर ती एकदा बादलीने मोजा. माझ्याकडे साडेतीन ते चार बादल्या निघतात, ओल जास्त असेल तर कमी. शेणखत पुरेसं मिळालं नाही तर काही भाग गांडूळखताचा घाला. साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, तेही चालतं, पण ताजं नको, ते आतून तापतं आणि मुळं भाजतात. ते चार-पाच महिने ढीग लावून, अधूनमधून पाणी मारून मुरवलेलं असावं.

तिन्ही वाफ्यांना एकसारखी खोली देण्याचीही गरज नाही. मेथी, पालक, कोथिंबीर यांना ८ इंच चांगली माती पुरते. हळदीला फूटभर मोकळी माती हवी, कारण गड्डे त्यातच पोसतात. टोमॅटोला फूट ते दीड फूट. त्यामुळे पालेभाजीच्या वाफ्यात तळाला ५ इंच परसातलीच खणलेली माती किंवा पाचट टाकलं तरी चालतं, तेवढी विकतची माती वाचते. फक्त पाचटाचा ५ इंचांचा थर वर्षभरात इंच-दीड इंचावर येतो, हे धरूनच चाला. वाफ्यात काही रोवायच्या आधी एक पावसाळा तो कुजू दिला तर उत्तम. तेवढा धीर नसेल तर परसातली मातीच बरी. हळदीच्या आणि टोमॅटोच्या वाफ्यात मात्र अशी काटकसर करू नका.

परसाला उतार असेल तर वाफ्याच्या दोन टोकांची खोली वेगळी भरते. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी घेऊन पाच ठिकाणी खोली मोजा आणि सरासरी धरा. गोल आळ्यासाठी त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४. वेडावाकडा आकार असेल तर जमिनीवर राख टाकून त्याचे चौकोन पाडा. एक सूचना मात्र कळकळीची: जुन्या आंब्या-चिकूभोवती कट्टा बांधून बुंध्याला माती चढवू नका, झाड गुदमरतं.

भरायचं कसं, तेही हिशेबाचाच भाग आहे. माती उन्हाळ्यात, वळीव यायच्या आधी आणून ठेवा. ढेकळं फोडा, तिन्ही गोष्टी वाफ्याच्या बाहेर मिसळा, दोनदा उलटीपालटी करा. माती फार कोरडी असेल तर आदल्या दिवशी पाणी शिंपडून वाफसा येऊ द्या. मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, एवढी ओल. चिखलात मिसळलेली काळी माती वर्षभर सुधारत नाही. मग अर्धा वाफा भरा, झारीने पाणी द्या, उरलेला भरा, पुन्हा पाणी द्या. पायाने तुडवू नका. पाण्याने बसू द्या, आजींनी डबा आपटला तसं हे आपटणं. सव्वा फुटापेक्षा वर, जवळजवळ काठापर्यंत मिश्रण येईल, घाबरू नका. आठ-दहा दिवस पाणी देत तसंच ठेवा, जेवढं खाली गेलं तेवढं भरून काढा आणि मगच लागवड करा. हळद अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावतात, म्हणजे वाफा त्याआधी पंधरा दिवस भरून झालेला असावा. पालेभाज्यांची घाई नाही.

तर तुमच्यासाठी आकडे असे: आतून ३० चौरस फुटांचे तीन वाफे, सव्वा फूट भर, ११२ घनफूट. खणल्याने ११ मिळाले, उरले १००. बसणं धरून १२५, मिसळण्याची घट धरून १३५. त्यात माती ८०, शेणखत ४०, तूस १५. भिंत नऊ इंची निघाली तर हे सगळं साधारण सत्तर टक्क्यांवर येईल. खाली काँक्रीट असेल तर खणण्याचे ११ घनफूट मिळणार नाहीत, तेव्हा सगळ्याच्या दहा टक्के जास्त धरा.

राहिला गच्चीचा प्रश्न. चार बाय चारचा, एक फूट खोल वाफा म्हणजे १६ घनफूट, भिजल्यावर साडेसातशे किलोच्या आसपास. त्यात विटांचं वजन वेगळं. जागा मात्र जेमतेम दीड चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला ५०० किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो वापरभार, म्हणजे माणसं आणि हलवत्या सामानाचं वजन, धरलेला आहे. हा तिपटीहून जास्त होतो, आणि तो कायम तिथेच राहणार, शिवाय खाली ओल धरणार. इंजिनिअरने नकाशा बघून लेखी होकार दिल्याशिवाय मी कोणाच्याही गच्चीवर मातीचा वाफा करत नाही. गच्चीवर काही हवंच असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताच्या हलक्या मिश्रणाच्या पिशव्या भिंतीलगत, तुळईच्या रेषेत ठेवा. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजली की तिच्या तीन-साडेतीन बादल्या होतात, म्हणजे तिथला हिशेबही बादलीवरच करता येईल. तुमची उरलेली वीस घनफूट माती खालीच राहू द्या.

आधी तिन्ही वाफ्यांत एकेक खड्डा घ्या, पाणी भरून बघा, आणि मुरूम किती इंचांवर लागला व पाणी किती वेळात जिरलं ते मला कळवा. तीनपैकी ज्याचा निचरा सगळ्यात चांगला, त्यात हळद लावू. ट्रॉलीवाल्याला फोन त्यानंतर करा.